खजिना विहिरीपासून बाहुलीच्या हौदापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

पुण्याच्या सदाशिव पेठेत 'खजिना विहीर' नावाचा एक चौक आहे. रोज हजारो माणसे तेथून जातात, 'खजिना विहिरीला सोडा' असे रिक्षावाल्याला सांगतात, पण उतरून खजिना शोधावा असे काही कोणाला वाटत नाही. मलाही कधी वाटले नव्हते. यंदा मात्र तो योग आला आणि त्या शोधात जे हाती लागले ते मित्रमैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे की, आमच्या भूगोलाच्या सरांनी एका तासाला 'जिओकॅशिंग' नावाच्या खेळाची माहिती सांगितली. ती ऐकून इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका रविवारी सदाशिव पेठेत असा खेळ आखावा, असे ठरले. आखणीचे काम माझ्याकडे आले. 'तिला पेठेतले सगळे बोळ ठाऊक आहेत,' असे एका मैत्रिणीने परस्पर जाहीर करून टाकले होते. ते खरेही होते. ते मला का ठाऊक आहेत, हे मात्र मी कॉलेजात कोणाला सांगितले नव्हते.

आधी खेळाविषयी. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. रोख पैशांशी या शब्दाचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण घरी मी खेळाचे नाव सांगितले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "कॅश म्हणजे किती मिळतात गं?" एकाने एखादी डबी कोठेतरी ठेवायची, त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश जाहीर करायचे, आणि इतरांनी त्या आकड्यांवरून ती शोधून काढायची, असा हा खेळ आहे. डबीत एक नोंदवही असते. सापडली की तीत तारीख आणि आपले नाव लिहायचे. पुष्कळ खेळाडू खरे नाव न लिहिता टोपणनाव लिहितात. डबीत एखादी लहानसहान वस्तू असली तर ती घ्यायची मुभा असते, पण तिच्या बदल्यात तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवायची. मग डबी होती तशी जागेवर ठेवून निघायचे. येथे सापडलेला खजिना कोणी घरी नेत नाही. तो पुढच्या माणसासाठी असतो.

खेळ नवा असला तरी कल्पना जुनी आहे. इंग्लंडात डार्टमूर नावाचा ओसाड माळ आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्यांनी तीत आपले कार्ड टाकावे, अशी प्रथा पाडली. आजच्या खेळाचा जन्म मात्र आकाशातल्या उपग्रहांमुळे झाला. अमेरिकेच्या उपग्रहांवरून पृथ्वीवरचे ठिकाण कळत असे, पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती सुमारे शंभर मीटरपर्यंत जाई. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यात रानात एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. काही दिवसांतच ती शोधलीही गेली. आज जगभर अशा तीस लाखांवर डब्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र हा खेळ फारसा रुजलेला नाही.

आकडे काय सांगतात, हेही थोडक्यात पाहू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट होते, ते सुमारे १.८५ किलोमीटरचे. खेळात मिनिटाचाही हजारावा भाग लिहितात. तो भरतो पावणेदोन-दोन मीटर, म्हणजे एका खाटेएवढा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास आहे. सदाशिव पेठेतल्या दोन शेजारच्या बोळांत फरक पडतो तो दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्याचा.

हे ठिकाण फोनला कसे कळते? उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि आपली वेळ सतत सांगत असतात. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपली जागा निश्चित होते. रेडिओचा संदेश प्रकाशाच्याच वेगाने धावतो. त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी ठिकाण तीनशे मीटरने चुकते. खजिना विहिरीऐवजी माणूस तिसऱ्याच चौकात जाऊन उभा राहील!

मोकळ्या मैदानात फोनची चूक चार-पाच मीटरच्या आत राहते. सदाशिव पेठेत तसे होत नाही. येथे बोळ अरुंद, आणि जेथे वाडे होते तेथे आता पाच-सहा मजली इमारती उभ्या आहेत. आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते. थोडेच उपग्रह नजरेच्या टप्प्यात येतात आणि त्यांचेही संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने फोनपर्यंत पोहोचतात. मी आखणी करायला गेले तेव्हा एकाच पायरीवर उभी राहून तीनदा आकडे घेतले. तिन्ही वेळा ते निराळे आले. एकदा तर नकाशाने मला एका इमारतीच्या पोटात नेऊन बसवले.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. परदेशात डबी झाडाच्या ढोलीत किंवा बाकाखाली ठेवतात. शहरात बेवारस डबी ठेवणे योग्य नाही. २०१० साली कोरेगाव पार्कात, २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर आणि २०१४ साली फरासखान्याजवळ झालेले स्फोट पुणेकर विसरलेले नाहीत. बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना कळवा, असे आपल्याला शिकवलेले आहे आणि ते बरोबरच आहे. खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी असे म्हटलेले असते. मंदिरात किंवा जुन्या वास्तूत डबी ठेवायची नाही, हे तर आम्ही आधीच ठरवले होते.

म्हणजे आकडे पुरेसे नाहीत, आणि डबी लपवायचीही नाही. मग खेळ व्हायचा कसा? सरांनी तोडगा सुचवला, "डबी जागेवर ठेवू नका, माणसाजवळ ठेवा. आकड्यांवरून मुलांनी बोळाच्या तोंडाशी यायचे आणि पुढे विचारत जायचे."

मी चार दुकानांत विचारून पाहिले. एकाने 'कोण तुम्ही, कुठल्या?' असे विचारले. दुसरा म्हणाला, 'रविवारी आमचं बंद.' तिसऱ्याने मान वर न करताच हात हलवला. चौथ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. संध्याकाळी घरी येऊन मी आईजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, "तू कशाला वणवण करतेस? उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

आता सांगायला हरकत नाही. आम्ही दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतो. माझी आई गेली चौदा वर्षे सदाशिव पेठेतल्या पाच घरी पोळ्या करते. मी लहान असताना मला घरी ठेवायला कोणी नव्हते, म्हणून ती मला बरोबर नेई आणि मी जिन्यात बसून गृहपाठ करी. मला बोळ ठाऊक आहेत ते असे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात घर कोठे असे कोणी विचारले की मी 'सदाशिव पेठेच्या जवळच' असे सांगून विषय बदलत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. आई फुलवाल्या मावशींशी बोलली, इस्त्रीवाल्या काकांशी बोलली, किराणा दुकानाच्या मालकांशी बोलली. प्रत्येक ठिकाणी दोनच वाक्ये, "माझी मुलगी आहे. कॉलेजचं काम आहे, तेवढं बघा." अर्ध्या तासात पाचही डब्यांची सोय झाली. श्रीखंडाचे रिकामे डबे आईनेच घासून दिले होते. प्रत्येकात एक वही, एक पेन्सिल आणि पुढच्या थांब्याचे कोडे ठेवले.

आता ती वाट सांगते. प्रत्येक थांब्यावर आकड्यांबरोबर एक कोडे होते, आणि त्याचे उत्तर तेथे नीट पाहिल्याशिवाय किंवा कोणाला विचारल्याशिवाय मिळू नये, असा आमचा बेत होता.

पहिला थांबा अर्थातच खजिना विहीर. तेथे कोडे असे होते : 'ही पेठ ज्याच्या नावाची, तो कोठे पडला?' उत्तर पानिपत. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताच्या रणात पडले. त्यांचे नाव आपण दिवसातून दहा वेळा पत्ता म्हणून घेतो, माणूस म्हणून क्वचितच.

दुसरा थांबा विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. दर्शनी भागातले लाकडी कोरीवकाम आजही पाहत राहावे असे आहे. पेशवाई गेल्यावर १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ साली वाड्याला आग लावली गेली. पुढे काही काळ येथे महापालिकेची कचेरी होती. कोडे होते : 'राजा गेला, विद्यार्थी आले, कोणत्या साली?'

तिसरा थांबा खुन्या मुरलीधर. देवाला असे नाव का, हा प्रश्न पुण्यात नवख्या माणसाला हमखास पडतो. याची हकीकत अशी सांगतात की, गद्रे सावकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर बांधले. मूर्ती इतकी देखणी की दुसऱ्या बाजीरावालाच ती हवीशी झाली. त्यावरून पहारेकरी आणि शिपाई यांच्यात चकमक होऊन माणसे मेली, म्हणून देव 'खुन्या' झाला. पुढे १८९९ साली चापेकर बंधूंची माहिती सरकारला देणाऱ्या द्रविड बंधूंचा खून याच परिसरात झाला, आणि कित्येक जण नावाचा संबंध त्याच्याशी जोडतात. एका नावाच्या या दोन हकीकती आहेत. आमचे कोडे होते : 'दोन्ही गोळा करून आणा.' ती नकाशावर मिळत नाहीत, त्यासाठी चार वयस्क माणसांजवळ उभे राहावे लागते.

याच पेठेत उपाशी विठोबा आहे, चिमण्या गणपती आहे, भिकारदास मारुती आहे. शेजारच्या पेठांत पत्र्या मारुती, जिलब्या मारुती आणि पासोड्या विठोबा आहेत. बाहेरगावच्या माणसाला ही नावे म्हणजे चेष्टा वाटते. मला वाटते, हे पुण्याचे अक्षांश-रेखांशच आहेत. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा मारुती पुष्कळ होते. 'मारुतीजवळ' म्हणून कोणालाच घर सापडले नसते. म्हणून प्रत्येक देवाला एकेक खूण चिकटली. उपग्रह चार आकडे देतो, आणि गावाने एक विशेषण दिले. चौथा थांबा आम्ही उपाशी विठोबाजवळच ठेवला होता.

पाचवा थांबा भारत इतिहास संशोधक मंडळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली ही संस्था स्थापन केली. गावोगावची जुनी कागदपत्रे येथे जपून ठेवली आहेत. खरे पाहिले तर ही सर्वांत मोठी डबी. यातला खजिनाही कोणी घरी नेत नाही, वाचून जागेवर ठेवतो. येथले कोडे मोडी लिपीतल्या एका शब्दाचे होते. शब्द होता 'हौद'.

हा शब्द सहाव्या आणि शेवटच्या थांब्याकडे नेणारा. नळ आले नव्हते तेव्हा पुण्याचे पाणी हौदांत येई. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शहरात आणले. पंप नाही, यंत्र नाही. नुसत्या उतारावर पाणी वाहत येई. नळात कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेवर ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधलेले होते. पुढे नाना फडणवीसांच्या काळात आंबेगाव-नऱ्हे भागातून आणखी एक नळ सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत आणण्यात आला. शहराच्या पोटातून वाहणारे हे पाणी म्हणजे खरा गुप्त खजिना होता.

पण तो सर्वांसाठी खुला नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना हौदाला हात लावता येत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तो यासाठीच. त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी पुढे फरासखान्याजवळ एक हौद बांधून सर्व जातींसाठी खुला केला. तोच 'बाहुलीचा हौद'. बाहुली म्हणजे त्यांची लाडकी लेक काशीबाई. डॉक्टरांनी तिला शिकवायला घेतले. ते लोकांना खपले नाही, आणि कोणीतरी काचा घातलेले खाणे देऊन त्या चिमुरडीचा जीव घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्या आठवणीसाठी हा हौद.

बाहुलीचा हौद सदाशिव पेठेत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही वाट तेथे संपावी, असा मी हट्ट धरला. तेथे डबीही ठेवली नाही. खेळात अशा थांब्याला मान्यता आहे. तेथे फक्त जायचे, पाहायचे आणि एका प्रश्नाचे उत्तर लिहायचे. आमचा प्रश्न होता : 'या मुलीने काय केले होते?' वीस जणांपैकी बहुतेकांनी एकच शब्द लिहिला, 'अभ्यास'.

खेळाच्या दिवशी चार-चार जणांचे पाच गट निघाले. मी खजिना विहिरीपाशी थांबले होते. दोन तासांनी गट परत येऊ लागले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण पहिल्याच गटातला मुलगा म्हणाला, "फुलवाल्या मावशी विचारत होत्या, पोळ्यावाल्या ताईंच्या मुलीचे मित्र का तुम्ही? आम्ही हो म्हटलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग डबी." इस्त्रीवाल्या काकांनी तर प्रत्येक गटाला माझे दहावीचे टक्केसुद्धा सांगितले होते. दोन वर्षे मी जे झाकून ठेवले होते ते एका सकाळी पाच बोळांत पाच माणसांनी अभिमानाने सांगून टाकले. त्यांना त्यात झाकण्यासारखे काही वाटलेच नव्हते.

कोणी हसले नाही. मीच इतके दिवस उगाच धसका घेऊन बसले होते. एवढे मात्र खरे की, त्या दिवशी फोनचे आकडे सर्व गटांना सारखेच मिळाले होते. तरी डबी हातात पडली ती आईच्या ओळखीवर. चौदा वर्षे एका वाटेने रोज चालत राहिल्यावर त्या वाटेवर जे साठत जाते, ते कोणत्याही उपग्रहाला टिपता येत नाही.

संध्याकाळी डबे गोळा करून आणले. चौथ्या डब्यातल्या वहीत टोपणनावाने लिहिलेली एक नोंद होती : 'माझे वडील याच बोळातल्या इमारतीत रखवालदार आहेत. आज पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर त्यांच्यासमोरून गेले आणि हाक मारली.' खाली नाव 'चिमणी'. ही चिमणी कोण, हे मी शोधले नाही. खेळाचा नियम असा आहे की, डबी जशी सापडली तशी जागेवर ठेवावी.

आपल्यापैकी कितीतरी जण जुन्या बाजारगावांतून येतात. वाई, पैठण, सासवड, कोणतेही गाव घ्या. प्रत्येक गावात अशी विशेषणे लागलेले देव आहेत, बुजलेल्या विहिरी आहेत, आणि त्यांच्या हकीकती सांगणारी माणसे आहेत. अशी वाट आखायला पाच डबे, पाच वह्या आणि एक फोन पुरतो. बाकी सारे विचारत जायचे. मी दुकानांत विचारले तेव्हा मला नकार मिळाले, हे खरे. पण बरोबर कोणाला घेऊन विचारावे, तेही मी याच खेळात शिकले.

आमच्या डब्यांपैकी इस्त्रीवाल्या काकांची डबी मात्र परत आलेली नाही. "राहू दे इथेच," ते म्हणाले, "कोणी आलं तर देईन." वहीत पुष्कळ पाने कोरी आहेत. सदाशिव पेठेत आलात तर जरूर विचारा. आकडे मी मुद्दामच देत नाही.